मोडणार, हे धरूनच चाला

दिवाळीच्या तोंडावर क्रॉफर्ड मार्केटातल्या खेळण्यांच्या दुकानांत रिमोटच्या गाड्यांची खोकी छतापर्यंत रचलेली असतात. खोक्यावर 'मॉन्स्टर', 'हाय स्पीड', 'रॉक क्रॉलर' असली विशेषणं, आत आठशे ते दोन हजार रुपयांची गाडी. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला: किती पळते? दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: एकदम भन्नाट पळते, साहेब. भाऊबीजेपर्यंत ती पळतेही. पुढे कधी तरी पुढची चाकं एकाच बाजूला वळायला लागतात, नाही तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात जातो आणि मोटर नुसतीच गुरगुरत राहते. मग गाडीची रवानगी माळ्यावर. दुरुस्त करावी म्हटलं, तर तिचा एकही भाग सुटा मिळत नाही. तो सुटा विकायचा, असं कारखान्याच्या मनातही कधी आलेलं नसतं.

या छंदात मुरलेली माणसं गाड्यांचे दोनच वर्ग मानतात, टॉय ग्रेड आणि हॉबी ग्रेड. नवख्याला वाटतं, फरक वेगाचा असेल किंवा किमतीचा. तोही असतो. पण हॉबी ग्रेड गाडीची पुस्तिका उघडली, की मागच्या पानांवर ती गाडी उकलून दाखवलेली दिसते. प्रत्येक स्क्रू, वॉशर, बेअरिंग वेगळं काढलेलं आणि त्याच्यापुढे त्याचा क्रमांक. तो क्रमांक सांगायचा आणि तेवढाच भाग मागवायचा. गाडी मोडणार हे बनवणाऱ्यानेच कबूल केलेलं असतं. म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे: आधी सुट्या भागांचं दुकान शोधा, मग गाडी. जिचा पुढच्या सस्पेन्शनचा आर्म आठवडाभरात आपल्या पत्त्यावर पोचतो ती चांगली गाडी. ज्या गाडीचा तो पोचत नाही, ती कितीही देखणी असली तरी महागडं खेळणंच.

आतली रचनाही याच विचाराने केलेली असते. खेळण्यात सगळा कारभार एका छोट्या सर्किटवर बसवलेला असतो; ते जळलं की गाडी संपली. हॉबी गाडीत कामं वाटून दिलेली असतात. हातात ट्रान्समीटर, त्याला पिस्तुलासारखा ट्रिगर आणि बाजूला फोमचं छोटं चाक. गाडीत रिसीव्हर. रिसीव्हरच्या हाताखाली दोघं: सर्व्हो चाकं वळवतो आणि ईएससी, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसलेला वेगनियंत्रक, मोटरला किती वीज सोडायची ते ठरवतो. ट्रिगर किंचित दाबला तर गाडी किंचित सरकते, चाक थोडं फिरवलं तर थोडंच वळते. स्वस्त खेळण्याला पूर्ण आणि बंद या दोनच अवस्था ठाऊक असतात. हा फरक वाचून कळत नाही. एखाद्याची हॉबी गाडी दोन मिनिटं हातात घेतली की लगेच कळतो.

पूर्वी हे सगळं २७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चाले. प्रत्येक गाडीला ठरावीक क्रिस्टल लागे, आणि मैदानात दोघांचं क्रिस्टल सारखं निघालं, की एकाच्या ट्रिगरवर दुसऱ्याची गाडी भिंतीवर जाई. म्हणून अँटेनावर रंगीत झेंडी लावायची पद्धत होती; कोण कुठल्या वाहिनीवर आहे ते लांबून दिसावं. आता २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रणेत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून बांधून घेतात. हा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो. झेंड्या गेल्या, त्यावरून होणारी भांडणंही गेली.

विकत मिळणारी पहिली रेडिओ नियंत्रित गाडी बहुतेक जण इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एल-जी या कंपनीची मानतात. १९६६ मधली ती फेरारी २५० एलएम होती, मूळ गाडीच्या एक-बारांश आकाराची. पण हा छंद घराघरांत नेला तो जपानने, त्यातही शिझुओका शहराच्या तामियाने. १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून सुरू झालेली ही कंपनी प्लॅस्टिकच्या मॉडेलांकडे वळली. पोर्शचं मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. त्या खटाटोपातून १९७६ मध्ये तामियाची पहिली रेडिओ नियंत्रित गाडी आली, पोर्श ९३४. अख्खी पोर्श खोलणाऱ्यांच्या गाड्या खोलायला सोप्या निघाल्या, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९८४ हे साल या छंदात वारंवार निघतं. त्या वर्षी अमेरिकेत टीम असोसिएटेडची सोनेरी ॲल्युमिनियम चेसिसची आरसी-१० आली आणि मातीवरच्या शर्यतींचा नूर बदलला. त्याच वर्षी तामियाने ग्रासहॉपर काढली. ती शर्यतीची गाडीच नव्हती. छोटी ३८० मोटर, मागे सरळसोट आख, तंत्र अगदी साधं. दोन हजारच्या दशकात तामियाने आपल्या जुन्या गाड्या पुन्हा बाजारात आणल्या, त्यात ग्रासहॉपरही होती. आज एखाद्याच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात परदेशातून आणलेली ग्रासहॉपर अडगळीत सापडली, तर तिचे भाग नवे मिळण्याची शक्यता गेल्या वर्षी घेतलेल्या अनाम चिनी गाडीच्या भागांपेक्षा जास्त आहे.

आता खर्च. खाली दिलेले आकडे दुकानागणिक आणि डॉलरच्या भावाप्रमाणे हलतात, अंदाज म्हणूनच घ्यावेत.

सगळ्यांत खालची पायरी चार ते साडेसहा हजारांची. या पैशांत डब्ल्यूपीएल किंवा एमएन या चिनी कंपन्यांच्या क्रॉलर मिळतात. जुनी लँड रोव्हर डिफेंडर, सैन्याचा ट्रक, छोटा सुझुकी टेम्पो, असे त्यांचे अवतार. क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढणारी गाडी. तिचा वेग माणसाच्या चालण्याइतका, म्हणून आपटली तरी फारसं मोडत नाही. चालवायला मैदान लागत नाही, सोसायटीच्या बागेतली खडकांची रांग पुरते. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. बहुतेकांना ते पटत नाही, कारण त्यांना पळणारी गाडी हवी असते.

पळणारी हवी असेल तर नवखे हटकून डब्ल्यूएलटॉईजच्या १४४००१ पाशी येऊन थांबतात. एक-चौदांश आकार, चारही चाकांना जोर, खाली धातूची चेसिस, ५५० मोटर, ७.४ व्होल्टची बॅटरी. कंपनी ताशी ६० किलोमीटर सांगते. गाडीची मूळ रचना एलसी रेसिंग या दुसऱ्या कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेली, त्यामुळे तिचे कितीतरी भाग हिला बसतात. आपल्याकडे ती दहा ते तेरा हजारांना पडते. बारा हजार धरू. गिऱ्हाइकाच्या हिशेबात खर्च इथे संपला.

तो इथे सुरू होतो. सोबतची बॅटरी १५०० मिलीअँपिअर-अवरची, दहा-बारा मिनिटांत आटोपते. त्यानंतर गाडी बाजूला ठेवून चार्जिंग संपायची वाट बघणं कोणालाच जमत नाही, म्हणून दुसरी बॅटरी: बाराशे ते पंधराशे. सोबतचा यूएसबी चार्जर फार सावकाश, म्हणून बी-सिक्स पद्धतीचा बॅलन्स चार्जर: दोन ते अडीच हजार. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरच्या चांगल्या ॲलन की, कारण फुकटची की स्क्रूचं डोकं गोल करून ठेवते: सात-आठशे. बॅटरी ठेवायची आगरोधक पिशवी, चार-एकशे. शिवाय पहिल्याच महिन्यात लागणारे आर्म, स्पर गिअर, चाकाकडे जाणारे शाफ्ट मिळून दीड हजार. बेरीज अठरा हजारांच्या आसपास जाते. म्हणून माझा ठोकताळा असा, की गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्यावी.

त्यावरची पायरी ट्रॅक्सस, आर्मा, ॲक्झियल या अमेरिकी बाजारातल्या नावांची. ट्रॅक्ससची स्लॅश २००८ पासून बाजारात आहे. एक-दशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, पाण्याला न घाबरणारी. तिकडे ती अडीचशे डॉलरच्या आगेमागे असते, इथे पस्तीस-चाळीस हजार होतात. एक-अष्टमांश आणि त्याहून मोठ्या गाड्यांची किंमत लाखावर जाते, त्यांचं एकेक टायरही हजारांत. त्या वाटेला जाणाऱ्याला असल्या लेखाची गरज नसते.

अडीचशे डॉलरचे चाळीस हजार कसे होतात? वाहतूक आणि दुकानदाराचा नफा आहेच, पण मोठा वाटा सीमाशुल्काचा. सीमाशुल्काच्या वर्गवारीत चालती मॉडेलं आणि बाहुल्या, तिचाकी सायकली एकाच शीर्षकाखाली येतात. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ मध्ये ते ७० टक्के झालं. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचा जीएसटी १८ टक्के, तो वेगळा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्स्प्रेस या चिनी ऑनलाइन बाजारावर बंदी आली होती. शेकडो हौशी दहा-वीस रुपयांचे स्क्रू आणि गिअर तिथूनच मागवत. निकृष्ट चिनी खेळणी रोखायचा हेतू रास्त होता. पण चाळिशीतला माणूस स्वतःच्या पैशाने जो छंद करतो, तोही त्या जाळ्यात आला. मोटर, बॅटरी, सर्व्हो मात्र वेगळ्या शीर्षकांखाली येतात आणि रोबोटिक्सवाल्यांमुळे इथे सहज मिळतात. परिणामी भारतातला हौशी सांगाडा जपतो आणि आतडी बदलत राहतो.

आतड्यांत सगळ्यांत नाजूक प्रकरण बॅटरीचं. हल्ली जवळपास सगळ्या वेगवान गाड्या लिथियम पॉलिमरवर, बोलीत लायपोवर चालतात. तिचा एक सेल नावाला ३.७ व्होल्टचा, दोन सेलांची ती टू-एस, म्हणजे ७.४ व्होल्ट, तिनांची थ्री-एस, ११.१. सेल भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. वापरताना तो ३.२ च्या खाली जाऊ देऊ नये, गेला तर पुन्हा नीट भरत नाही. आणि खेळून झाल्यावर काही दिवस ठेवायची असेल तर भरलेलीही ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, प्रत्येक सेल ३.८ वर आणून ठेवायचा. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी वेगळं बटण असतं. चार्जरवर जास्त पैसे घाला असं म्हणतात ते यासाठी, शिवाय वेळ वाचतो तो निराळाच: पाच हजार मिलीअँपिअर-अवरची बॅटरी पाच अँपिअरने तासाभरात भरते, तीनशे रुपयांच्या चार्जरला त्याच कामाला अख्खी दुपार लागते.

लायपो रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. उशाशी, गादीवर, पडद्याखाली तर नाहीच. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय की' म्हणून वापरायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. दिवाळीच्या दिवसांत फटाके ठेवलेल्या कपाटात ती ठेवू नये, हेही सांगायला हवं, कारण घरात 'मुलांचं सामान' एकाच कपाटात जातं. ज्यांना एवढी काळजी नको त्यांच्यासाठी जुन्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या आहेत. जड, कमी जोराच्या, पण चुका बऱ्याच खपवून घेणाऱ्या. लहान मुलाच्या गाडीत मी तीच घालेन.

मोटरच्या बाबतीत नवखे एका आकड्यावर भाळतात, केव्ही. एका व्होल्टला मोटर मिनिटात किती फेरे घेते ते त्यावरून कळतं. ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर टू-एसवर, ओझं नसताना, मिनिटाला साधारण २४,४०० फेरे घेते. तीच थ्री-एसवर ३६,६०० च्या वर जाते. गिअर आणि शाफ्ट टू-एसच्या हिशेबाने बनवलेले असतील तर ते बोलतात, आणि त्यांचं बोलणं खर्चिक असतं. ब्रश असलेली साधी मोटर पाच-सहाशे रुपयांची. झिजली की फेकायची, नवी लावायची. पहिलं वर्ष तीच बरी.

वेगाचा मोह समजण्यासारखा आहे, तरी एक हिशेब करून पाहावा. अडीच किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्यातली ऊर्जा साधारण ३५० ज्यूल होते. ताशी १४० ने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत ती १२० च्या आसपास असते. म्हणजे पायाच्या घोट्यावर वेगवान गोलंदाजाचे जवळपास तीन चेंडू एकदम, तेही पॅडशिवाय. रस्त्यावर, पार्किंगमध्ये, मुलं खेळत असलेल्या आवारात अशा गाड्या चालवणारे दिसतात. त्यांना थांबवायला सोसायटीच्या सेक्रेटरीची वाट बघू नये.

मग चालवायच्या कुठे? या प्रश्नावर मुंबईकर हताश होतो आणि बाकी महाराष्ट्र हसतो. आपल्याकडे कातळाची काय कमी? सह्याद्रीचा काळा बेसाल्ट क्रॉलरच्या मऊ टायरला छान पकड देतो. कोकणातल्या सड्यावरचा जांभा त्याहून खरखरीत. पकड भरपूर, पण टायर कानशीने घासल्यासारखे झिजतात. गडकोट मात्र सोडावेत. संरक्षित वास्तूच्या तटावरून गाडी चढवण्यात मर्दुमकी नाही. कासच्या पठारावर तर विचारही नको, तिथल्या फुलांनी काय घोडं मारलंय? समुद्रकिनारा मोहात पाडतो, पण वाळू मोटरमध्ये जाते आणि खारं पाणी बेअरिंगं खातं. 'वॉटरप्रूफ' हा शब्द इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो, लोखंडाला तो लागू नाही. पावसाळ्यात चिखल खेळून आल्यावर गाडी धुवायची, चाकं सोडवून बेअरिंगं पुसायची, तेलाचा थेंब द्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते कंटाळवाणं वाटत असेल तर हा छंद आपला नव्हे, हे तेव्हाच ओळखावं.

आणि अंगणातला किल्ला! ॲक्झियलची एससीएक्स-२४ तळहाताएवढी क्रॉलर आहे, एक-चोवीसांश आकाराची. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्याची पायवाट तिला मापाची होते. बुरुजावरच्या मावळ्यांपुढे जीप हा कालविपर्यास झाला खरा, पण हळीव पेरलेल्या उतारावरून ती न घसरता चढवायला जे कौशल्य लागतं, ते मोकळ्या मैदानावर सुसाट सोडण्यात लागत नाही. हे सुख इथे पंधरा हजारांच्या पुढचं आहे, एवढीच अडचण.

मोडतोडीत काय जातं याचाही एक क्रम असतो. आधी बॉडीला तडे, ते आतून फायबर टेपने शिवता येतात. मग सस्पेन्शनचा आर्म. तो मुद्दाम सगळ्यांत कच्चा ठेवलेला, म्हणजे धक्का पुढे चेसिसपर्यंत जाऊ नये. शंभर-दोनशे रुपयांचा आर्म मोडला म्हणून कोणी तिथे ॲल्युमिनियमचा बसवतो, आणि पुढच्या धडकेला त्यामागचा महागडा भाग जातो. मग स्पर गिअर. मोटरचा पिनियन आणि स्पर यांच्यात फट नेमकी हवी: दोघांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर नागमोडी घडी उमटली आणि कागद फाटला नाही, तर फट बरोबर. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉकचा थेंब, प्लॅस्टिकमधल्यांना नाही. डिफरन्शियलमध्ये कारखान्यातून बेताचंच ग्रीस येतं, नवी गाडी एकदा उघडून ते भरलेलं बरं.

भाग मिळालाच नाही तर आपल्या गावांत दुसरे मार्ग आहेत. पुण्यात पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कनेक्टर, वायर, हीट श्रिंक, छोटी बेअरिंगं हिंडून गोळा करता येतात. बेअरिंगचा आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की पुरे, गाडीचं नाव सांगायची गरज नाही. शाफ्ट वाकला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाला त्याच मापाचा पोलादी शाफ्ट काढणं अवघड नसतं. एवढ्याशा कामाला त्याला राजी करणं अवघड असतं. आणि आता थ्री-डी प्रिंटर आलेत. स्वीडनच्या डॅनियल नोरे यांनी ओपनआरसी नावाने अख्खी गाडीच छापता येईल अशी आरेखनं सगळ्यांना खुली करून दिली. छापताना प्लॅस्टिक मात्र विचारून घ्यावं. स्वस्त पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत ठेवलेली गाडी संध्याकाळी वाकडी निघू शकते. आर्मसाठी नायलॉनच धरावं.

नायट्रोचं काय, असं कोणी तरी विचारतोच. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारी छोटी इंजिनं, खरा धूर, खरा आवाज. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांत त्यांच्या शर्यतींनी एका पिढीला वेड लावलं होतं. पण इंधन महाग, कुरिअरने सहजी येत नाही, आणि चालवण्याइतकाच वेळ कार्ब्युरेटरची सुई जुळवण्यात जातो. पहिली गाडी म्हणून नको.

पहिली गाडी जुनी घेतली तरी चालते, किंबहुना बजेट कमी असेल तर तीच घ्यावी; दोन-तीन महिन्यांत कंटाळलेले विक्रेते दर शहरात आहेत. बघायला जाताना अंधार पडायच्या आत जावं. गाडी उचलून एकेक चाक हाताने हलवायचं. खडखडलं तर बेअरिंग किंवा पिन गेलेली. चाक हळू फिरवून कान लावायचा, करकर आली तर डिफरन्शियल उघडावं लागणार. स्क्रूंची डोकी पाहायची. गोल झालेली असतील तर मालकाने फुकटची की वापरलेली आहे, आणि बाकीचंही तसंच केलेलं असणार. चेसिसच्या खालचे ओरखडे फारसे मोजू नयेत, ते चालवल्याचे आहेत. गाडी पळवून दाखवायला सांगावं, आणि पाच मिनिटांनी मोटरला बोट लावून पाहावं. बोट टेकवता येत नसेल तर गिअर चुकीचा आहे किंवा मोटर संपत आलीय. पुस्तिका मागून घ्यावी. सोबत देऊ केलेली बॅटरी सपाट टेबलावर ठेवायची. ती डुगडुगली तर फुगलेली आहे, तिचे पैसे किमतीतून वजा करायला लावायचे आणि ती घरी आणायची नाही.